डक स्टॅम्प 2025-26 : पंचवीस डॉलरचा शिकारपरवाना, शिकार न करणाऱ्याच्या खिशातून

अमेरिकेतील टपाल कार्यालयांत मिळणारे, पण पाकिटावर चिकटवून उपयोगात आणता न येणारे एक तिकीट दर वर्षी जूनच्या अखेरीस विक्रीला येते. ‘मायग्रेटरी बर्ड हंटिंग अँड कन्झर्व्हेशन स्टॅम्प’ हे त्याचे सरकारी नाव. व्यवहारात सगळे त्याला ‘डक स्टॅम्प’ म्हणतात. किंमत 25 डॉलर, मुदत 1 जुलैपासून पुढील वर्षाच्या 30 जूनपर्यंत. अमेरिकेत बदके किंवा कलहंस मारू इच्छिणाऱ्या सोळा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक व्यक्तीला राज्याच्या शिकारपरवान्यासोबत हा मुद्रांक जवळ बाळगावा लागतो, आणि मुद्रांकाच्या दर्शनी बाजूवर शाईने सही केलेली नसेल तर तो बाळगूनही उपयोग नसतो. मी बंदूक चालवत नाही, चालवण्याची इच्छाही नाही. तरीही काही वर्षांपासून हा परवाना नियमाने विकत घेतो आणि पक्षीनिरीक्षणाची आवड असलेल्या इथल्या मराठी मित्रांनाही तो घ्यायला सांगतो. शिकारीच्या परवान्यावर आपण पैसे का खर्च करावेत, असा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या प्रश्नासाठी लिहिले आहे.

आधी हातात काय पडते ते पाहू. या वर्षीच्या मुद्रांकावर साउथ डकोटा राज्यातील चित्रकार ॲडम ग्रिम यांनी रंगवलेले स्पेक्टॅकल्ड आयडर हे समुद्री बदक आहे. नराच्या डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखी पांढरी वर्तुळे असतात, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. अलास्का आणि रशियाच्या उत्तर टोकाला वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात नेमका कुठे जातो हे 1995 पर्यंत शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हते. उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे काही पक्ष्यांवर बसवल्यानंतर तो बेरिंग समुद्रातल्या बर्फाच्या भेगांमध्ये थव्याथव्याने राहतो असे आढळले. त्याआधीच, 1993 मध्ये, अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले होते आणि त्याच्या शिकारीला बंदी आहे. म्हणजे या वर्षीच्या शिकारपरवान्यावर ज्या पक्ष्याचे चित्र आहे तो पक्षी हा परवाना घेणाऱ्या कोणालाही मारता येत नाही. मला ही निवड फार आवडली, कारण या मुद्रांकाचा सारा व्यवहार तिच्यात दिसतो.

छपाई स्वच्छ आहे, रंग उठावदार आहेत. मात्र सात इंच बाय दहा इंचांच्या मूळ चित्राला एवढ्याशा मुद्रांकात बसवताना पाण्यावरची प्रतिबिंबे आणि पिसांची बारीक नक्षी हरवते, ही जुनी अडचण याही वर्षी आहे. गेल्या वर्षीच्या मुद्रांकावर चक ब्लॅक यांनी रंगवलेले तलवार बदक होते; लांब मान आणि टोकदार शेपटीच्या त्या पक्ष्याची बाह्यरेषा लहान आकारातही स्पष्ट दिसत असे, त्यामुळे केवळ मुद्रांक म्हणून मला तो सरस वाटतो. (आपल्याकडे नांदूर मधमेश्वर किंवा जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे तलवार बदक ते हेच, जात एकच, फक्त येण्याजाण्याचे मार्ग वेगळे.)

खरेदी सोपी आहे. मोठी टपाल कार्यालये, काही राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांची कार्यालये आणि शिकारीचे साहित्य विकणारी दुकाने येथे तो मिळतो. सगळ्याच टपाल कार्यालयांत तो ठेवलेला नसतो, म्हणून आधी विचारून जाणे बरे. राज्यांच्या परवाना-संकेतस्थळांवरून ई-स्टॅम्पही घेता येतो. पूर्वी हा ई-स्टॅम्प केवळ 45 दिवस चालत असे आणि तेवढ्या काळात छापील मुद्रांक टपालाने घरी यावा लागे. डिसेंबर 2023 मध्ये झालेल्या कायद्याने ई-स्टॅम्प पूर्ण मोसमभर ग्राह्य ठरवला आणि छापील मुद्रांक मोसम संपल्यावर, म्हणजे 10 मार्चनंतर, पाठवण्याची व्यवस्था केली. शिकाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. चित्रासाठी मुद्रांक घेणाऱ्याने मात्र खिडकीवर जाऊन छापीलच घ्यावा, नाहीतर जुलैत भरलेल्या पैशांचे तिकीट मार्चअखेर हाती पडेल. संग्राहकांची पंचाईत आणखी वेगळी आहे. सही केली की संग्रहमूल्य जाते आणि सही केली नाही तर परवाना म्हणून मोल राहत नाही, त्यामुळे ते मुकाट्याने दोन विकत घेतात.

आता पैशाचे काय होते ते. मुद्रांकाच्या प्रत्येक डॉलरमधील 98 सेंट पाणथळ जमिनी विकत घेण्यासाठी किंवा त्यांवर संरक्षणाचे कायमस्वरूपी करार करण्यासाठी राखून ठेवलेल्या निधीत जातात. या निधीतून कोणती जमीन घ्यायची हे मंत्री आणि संसद-सदस्यांचा समावेश असलेला एक आयोग ठरवतो. 1934 पासून आजवर या मार्गाने एक अब्ज दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि सुमारे 60 लाख एकर पाणथळ व गवताळ जमीन सुरक्षित झाली. सरकारी शुल्काचा इतका मोठा वाटा थेट मूळ कामावर खर्च होतो असे दुसरे उदाहरण मला पटकन आठवत नाही. उत्तर आणि दक्षिण डकोटा, मिनेसोटा व मोंटाना या राज्यांतील शेतांमध्ये हिमयुगाने मागे ठेवलेली हजारो लहान तळी आहेत आणि उत्तर अमेरिकेतील बदकांची मोठी वीण तिथे होते. या तळ्यांसाठी निधी वापरण्याची वाट 1958 च्या दुरुस्तीने मोकळी झाली. तिथे सरकार पुष्कळदा जमीन घेत नाही. शेतकऱ्याला एकरकमी मोबदला देऊन तळे बुजवणार नाही, त्यातले पाणी काढून टाकणार नाही, एवढेच कायमचे लिहून घेते. जमीन आणि गुरचराई शेतकऱ्याकडेच राहते.

हा मुद्रांक जन्माला आला तो काळ या पक्ष्यांसाठी फार वाईट होता. एकोणिसाव्या शतकात बाजारात विकण्यासाठी होणाऱ्या शिकारीने थवेच्या थवे संपवले होते. एके काळी अब्जावधींच्या संख्येने असलेल्या पॅसेंजर पिजन या रानकबुतराची शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने बाजारू शिकार थांबवली. पण 1930 च्या दशकातल्या प्रदीर्घ अवर्षणाने मधल्या प्रदेशातली तळीच कोरडी पडली, आणि कायद्याने वाचवलेल्या पक्ष्यांना उतरायला जागा उरली नाही. त्या वेळी वन्यजीव खात्याच्या प्रमुखपदी जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग हे आयोवातले गाजलेले व्यंगचित्रकार होते. मार्च 1934 मध्ये मुद्रांकाचा कायदा झाला आणि पहिल्या मुद्रांकावरचे, पाण्यावर उतरणाऱ्या मॅलार्ड या रानबदकांच्या जोडीचे चित्र डार्लिंग यांनी स्वतःच काढले. किंमत एक डॉलर होती. पहिल्या वर्षी 6,35,001 मुद्रांक खपले. त्याच सुमारास मोसम 30 दिवसांवर आणला गेला, जिवंत पाळीव बदके पाण्यात सोडून रानटी बदकांना भुलवण्यास आणि दाणे टाकून शिकार करण्यास मनाई झाली, आणि बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे मावू नयेत असा नियम आला. 30 दिवसांचा मोसम सोडला तर बाकीचे तिन्ही निर्बंध आजही लागू आहेत. 1991 पासून देशभर पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रेही बंद झाले, कारण तळाशी पडलेले छर्रे खड्यांसोबत गिळून पक्षी विषबाधेने मरत.

परवाना हाती आला म्हणजे हवे तेव्हा बार काढता येतो असे नाही, आणि ही यंत्रणा मला परवान्याहूनही कौतुकास्पद वाटते. स्थलांतरित पक्षी राज्यांच्या आणि देशांच्या सीमा ओलांडतात, म्हणून मोसमाची बाह्य चौकट केंद्र सरकारचे फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस हे वन्यजीव खाते आखते. कॅनडासोबतच्या 1916 च्या करारानुसार 10 मार्च ते 1 सप्टेंबर या विणीच्या काळात खेळ म्हणून शिकार होऊ शकत नाही आणि कोणताही मोसम 107 दिवसांपेक्षा लांब असू शकत नाही. या चौकटीत राहून प्रत्येक राज्य आपल्या तारखा ठरवते. राज्याला केंद्रापेक्षा कडक होता येते, सैल होता येत नाही. शिकार सूर्योदयाआधी अर्धा तास सुरू होते आणि सूर्यास्ताला थांबते.

चौकट किती रुंद ठेवायची हे मोजणीवर ठरते. 1955 पासून दर मे महिन्यात वैमानिक-जीवशास्त्रज्ञ अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागावरून ठरलेल्या रेषांवर कमी उंचीने विमाने उडवत बदके आणि तळी मोजतात, आणि विमानातून न दिसलेल्या पक्ष्यांचा हिशेब लावण्यासाठी जमिनीवरची पथके त्यांतल्या काही रेषा पायी पालथ्या घालतात. साथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये ही मोजणी झाली नाही. 2025 मध्ये पारंपरिक क्षेत्रात सुमारे 3 कोटी 40 लाख बदके मोजली गेली. 1995 पासून या आकड्यांवरून गणिती प्रारूपाच्या आधारे मोसम पूर्ण बंद, कडक, मध्यम किंवा उदार, असा चारांपैकी एक पर्याय निवडला जातो. उदार पर्यायात अटलांटिक आणि मिसिसिपी स्थलांतरमार्गांवर 60 दिवस, मध्य मार्गावर 74 आणि पॅसिफिक मार्गावर 107 दिवस मिळतात. कडक पर्यायात पहिल्या दोन मार्गांवर निम्मे, म्हणजे 30 दिवस. या पद्धतीचे मोल असे, की संख्या घटली तर काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेले असते, त्यामुळे ऐन वेळी शिकारी संघटनांनी किंवा पक्षीप्रेमींनी आरडाओरडा करून निर्णय फिरवायला फारसा वाव उरत नाही. आपल्याकडच्या रानडुकरांच्या आणि नीलगायींच्या प्रश्नावर दर काही वर्षांनी होणारी तीच ती हातघाई आठवली, की या कोरड्या तक्त्याची किंमत कळते.

जातवार मर्यादा तर आणखी बारकाईने ठरतात. बहुतेक मार्गांवर दिवसाला एकूण सहा बदके मारता येतात, पण त्यांत मॅलार्डच्या माद्या किती असाव्यात यावर वेगळे बंधन असते. 2024-25 च्या मोसमात, म्हणजे मुद्रांकावर तलवार बदक असलेल्या वर्षी, तलवार बदकाची दैनिक मर्यादा एकच होती. नव्या अभ्यासावर आधारलेल्या धोरणानुसार 2025-26 साठी ती तीनवर नेली आहे. शिकाऱ्याकडून माहितीही वसूल केली जाते. त्याला नोंदणी करावी लागते, निवडक शिकारी मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख सरकारी लिफाफ्यातून पाठवतात, आणि तज्ज्ञ दर वर्षी एकत्र बसून त्या पंखांवरून जात, वय आणि लिंग ओळखतात. पायात ॲल्युमिनियमचे कडे सापडले तर त्याचा क्रमांक कळवला जातो. कुठल्या वर्षी पिल्ले किती जगली, पक्षी कुठून कुठे गेले, याचा मोठा भाग या मेलेल्या पक्ष्यांनीच विज्ञानाला सांगितला आहे. ही गोष्ट मला कधीच पूर्णपणे पचलेली नाही, पण ती खरी आहे.

उलट्या दिशेचे उदाहरणही द्यायला हवे. आर्क्टिकमध्ये वीण करणाऱ्या स्नो गूझ या पांढऱ्या कलहंसांना दक्षिणेतल्या भात आणि मक्याच्या शेतांवर हिवाळाभर फुकट खाणे मिळू लागले, त्यांची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी तुंड्रातले गवत मुळापासून उपटून मैलोन्‌मैल चिखल करून टाकला. 1999 पासून सरकारने त्यांच्यासाठी नेहमीच्या मोसमाबाहेर विशेष मुभा दिली: तीन काडतुसांची अट सैल, ध्वनिमुद्रित आवाजांना परवानगी, दैनिक मर्यादा नाही. इतके करूनही संख्या हवी तशी आटोक्यात आली नाही. शिकारीचे नियमन म्हणजे नळाची तोटी फिरवणे, असा समज या व्यवस्थेच्या समर्थकांत दिसतो. कलहंसांच्या बाबतीत ती तोटी पूर्ण उघडूनही फारसे पाणी आले नाही.

भारतातल्या वाचकाला हे सगळे परके वाटेल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला मोठ्या आणि लहान शिकारीसाठी परवान्यांची तरतूद होती. 1991 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. भरतपूरच्या पाणथळीत नोव्हेंबर 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी मारले होते, आणि त्याच सुमारास अमेरिकेतला सामान्य शिकारी एक डॉलरचा मुद्रांक घेऊन दैनिक मर्यादा मोजत होता, हा फरक लक्षात घेतला म्हणजे आपण सरसकट बंदीकडे का गेलो ते समजते. जिथे शिकार हा दरबारी मान होता, तिथे तिचे नियमन करून निधी उभारण्याची कल्पना रुजणे कठीण होते. तरी बंदीमुळे पक्षी वाचले आणि तळी मात्र भराव घालून बुजत राहिली, हेही आपण पाहिले आहे. डक स्टॅम्पचा भर पहिल्यापासून तळ्यावर आहे.

मुद्रांकाचा माझ्यासारख्याला होणारा प्रत्यक्ष उपयोग म्हणजे प्रवेशशुल्क घेणाऱ्या सर्व राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत वर्षभर मोफत प्रवेश. डेलावेअरमधील बॉम्बे हुक (आपल्या मुंबईशी त्याचा काही संबंध नाही), न्यू जर्सीतील एडविन बी. फोर्साइथ, न्यू मेक्सिकोतील बोस्क डेल अपाचे ही त्यांतली काही. मोटारीमागे थोडेसेच डॉलर शुल्क असल्याने पंचवीस डॉलर वसूल व्हायला बऱ्याच फेऱ्या लागतात. जवळ अभयारण्य नसेल तर केवळ पास म्हणून हा सौदा फायद्याचा नाही, आणि राष्ट्रीय उद्यानांत हा मुद्रांक चालत नाही. तिथेही जाणाऱ्याने ‘अमेरिका द ब्युटिफुल’ पास घ्यावा, त्यात ही अभयारण्येही येतात. शिवाय या निधीतून उभ्या राहिलेल्या अभयारण्यांच्या काही भागात, साधारणपणे 40 टक्क्यांपर्यंत, मोसमात बदकांची शिकार चालते. शरद ऋतूत पहाटे दुर्बीण घेऊन गेलेल्याला दूरवरून बंदुकांचे आवाज ऐकू येतात. अभयारण्याच्या संकेतस्थळावर शिकारीचे दिवस दिलेले असतात; ज्याला ते सहन होणार नाही त्याने ते पाहून जावे.

त्रुटी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली किमतीची. ती संसदेच्या कायद्याने ठरते आणि महागाईशी जोडलेली नाही. 1991 मध्ये ती 15 डॉलर झाली आणि 2015 पर्यंत तिथेच राहिली. त्या दोन तपांत शेतजमिनीचे भाव कितीतरी पटींनी वाढले आणि तेवढ्याच मुद्रांकांतून दर वर्षी कमी कमी एकर मिळत गेले. 2014 च्या कायद्याने दहा डॉलर वाढवले, ती वाढ खास संरक्षण-करारांसाठी राखली, पण पुढच्या वाढीची तरतूद केली नाही. आता पुन्हा तोच प्रकार सुरू आहे. ही किंमत आज 40 डॉलर असायला हवी असे माझे मत आहे, आणि काडतुसांवर व पेट्रोलवर त्याहून कितीतरी जास्त खर्च करणारा शिकारी त्यासाठी शिकार सोडेल असे वाटत नाही.

दुसरी त्रुटी ग्राहकाची. 1970 च्या दशकाच्या आरंभी वर्षाला 24 लाखांहून अधिक मुद्रांक विकले जात. आता तो आकडा सुमारे 15 लाखांवर आहे, कारण शिकारी म्हातारे होत आहेत आणि त्यांची नातवंडे शहरात राहतात. उलट पक्षी पाहणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी मोठी आहे, ते याच पाणथळींवर जातात आणि त्यांच्यावर हा मुद्रांक घेण्याची सक्ती नाही. त्यात जे आपखुशीने घेतात त्यांचीही ओळख राहत नाही, कारण विक्रीच्या वेळी ‘मी शिकारी नाही’ असे नोंदवण्याची सोय नाही. माझे पंचवीस डॉलर हिशेबात शिकाऱ्याचे पंचवीस डॉलर म्हणूनच जमा होतात आणि पुढे ‘पाणथळी शिकाऱ्यांनी वाचवल्या’ या वाक्याला पुष्टी देतात. ते वाक्य बव्हंशी खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. 2020 मध्ये तर मुद्रांकाच्या चित्रस्पर्धेत शिकारपरंपरेचे काही चिन्ह दाखवणे सक्तीचे केले गेले, आणि सुंदर बदकांशेजारी पाण्यावर तरंगती रिकामी काडतुसे रंगवलेली चित्रे येऊ लागली. 2021 मध्ये तो नियम मागे घेतला गेला. शिकारीचे चित्र मुळातच नको असा माझा आग्रह नाही. 1959-60 च्या मुद्रांकावर मेनार्ड रीस यांनी तोंडात बदक धरलेला किंग बक हा काळा लॅब्रॅडॉर रंगवला होता, आणि जखमी पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्यामुळे शिकार वाया जात नाही हे सांगणारा तो मुद्रांक मालिकेतल्या सर्वोत्तमांपैकी आहे. सक्तीने काढलेले काडतूस आणि चित्रकाराला सुचलेला कुत्रा यांत फरक असतो.

एकंदर पाचपैकी साडेचार. पक्षी पाहायला जाणाऱ्याने तो जुलैच्या सुरुवातीलाच घ्यावा, म्हणजे पूर्ण वर्ष मिळते; मे महिन्यात घेतलेला 30 जूनला बाद होतो. सही करायला विसरू नये, कारण सही नसलेला मुद्रांक पास म्हणूनही ग्राह्य नाही. घरात चित्रे काढणारी मुले असतील तर पाच डॉलरचा ज्युनियर डक स्टॅम्पही आहे. त्यावर शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेतले विजेते चित्र छापतात आणि त्याचे पैसे मुलांच्या निसर्गशिक्षणाला जातात. अभयारण्यात प्रवेशासाठी मात्र तो चालत नाही.